घराचा विमा काढताना ‘पुन्हा बांधायचा खर्च’ कसा काढायचा: टेप हातात घेण्यापासून पॉलिसी तपासेपर्यंत

घराच्या विम्याचा फॉर्म भरताना एका रकान्यात बहुतेक लोक अडकतात आणि मग काहीतरी आकडा टाकून मोकळे होतात, तो रकाना म्हणजे विमा रक्कम, सम इन्शुअर्ड. कोणी फ्लॅटचा बाजारभाव टाकतं, कोणी लोनची रक्कम, कोणी वीस वर्षांपूर्वी घर बांधलं तेव्हाचा खर्च, आणि बऱ्याचदा एजंटच म्हणतो की पंचवीस लाख टाकू, प्रीमियम कमी बसेल. हे चारही आकडे चुकीचे आहेत. विम्याला लागतो तो आकडा एकच: घर आज पूर्ण पडलं तर त्याच जागेवर, तसंच घर, आजच्या भावात बांधायला किती लागतील.

भारतात १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्या घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी देतात, म्हणून खालचं सगळं तिलाच धरून लिहिलंय. तिचा हिशोब असा आहे: घराचा कार्पेट एरिया (आतली वापरायची जागा, चौरस मीटरमध्ये) गुणिले आजचा बांधकाम दर, अधिक आवारातल्या जादा बांधकामांचा खर्च. ऐकायला सोपं वाटतं पण गडबड या गुणाकारातच होते, ती टप्पा ५ मध्ये नीट बघू.

टप्पा १: कागद आधी काढा

मोजायला लागण्याआधी हे समोर ठेवा: मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र असेल तर ते, घरपट्टीची पावती, गावात असाल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, शहरात असाल तर प्रॉपर्टी कार्ड, फ्लॅट असेल तर करारनामा. लोन असेल तर बँकेने दिलेली पॉलिसीची कॉपीसुद्धा.

बँकेची पॉलिसी उघडून पहिल्या पानावर नीट वाचा. लोनबरोबर पुष्कळदा जी पॉलिसी गळ्यात मारली जाते ती घराची नसतेच, ती कर्जदाराच्या आयुष्याची असते, म्हणजे कर्जदार गेला तर लोन फिटतं पण घर पडलं तर काहीच मिळत नाही. लोकांना वर्षानुवर्षं वाटत असतं की आपल्या घराचा विमा आहे. आणि घराचीच असली तरी रक्कम बघा, ती लोनइतकी लावलेली असेल तर लोनचा आणि बांधकाम खर्चाचा काही संबंध नाही.

*तपासणी:* घरपट्टीवरचं क्षेत्रफळ आणि प्रत्यक्ष घर जुळतंय का? मागच्या बाजूला काढलेली खोली, वरचा मजला कागदावर नसेल तर आत्ताच कळू द्या, क्लेमच्या वेळी नुकसान तपासायला येणारा सर्व्हेअर हेच कागद मागतो.

टप्पा २: घर दोनदा मोजा, आतून आणि बाहेरून

लोक एकदाच मोजतात, तेही करारनाम्यावरून. सुपर बिल्ट-अप, सेलेबल वगैरे आकडे इथे अजिबात वापरायचे नाहीत, त्यात जिना, लॉबी, क्लबहाऊस काय काय असतं आणि प्रत्येक बिल्डरचं गणित वेगळं.

आधी बाहेरून मोजा, भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत, प्रत्येक मजला वेगळा. हा झाला बांधीव एरिया, ठेकेदार याच्यावर भाव सांगतो.

मग आतून. पॉलिसीच्या व्याख्येत कार्पेट एरिया म्हणजे घरातली वापरायची जागा, आतल्या पार्टिशन भिंती धरून, पण बाहेरच्या भिंती आणि डक्ट सोडून. बाल्कनी, व्हरांडा, गच्ची, पार्किंग यांचा पूर्ण एरिया धरत नाहीत, २५ टक्के धरतात. म्हणजे १०० चौरस फुटांची गच्ची असेल तर २५ लिहायचे.

फॉर्म चौरस मीटर मागतो आणि आपण फुटात मोजतो. चौरस फुटाला १०.७६४ ने भागा.

⚠ फॉर्ममध्ये एकक बघितल्याशिवाय आकडा टाकू नका. ऑनलाइन भरताना चौरस फुटाचा आकडा चौरस मीटरच्या खान्यात गेला तर रक्कम दहापट होते, आणि उलटं झालं तर दहावा भाग.

टप्पा ३: घर कशाचं आहे ते लिहून काढा

‘आरसीसी घर, दोन मजले’ एवढ्यावर कोणताच ठेकेदार खरा भाव सांगू शकत नाही, तो सरासरी दर फेकतो. म्हणून एका कागदावर लिहा: पाया कसला आहे, जोता जमिनीपासून किती उंच, भिंती विटांच्या की चिऱ्याच्या की ब्लॉकच्या आणि जाडी किती, वर स्लॅब की कौलं की पत्रे, फरशी कोणती, दारं-खिडक्या सागवानी की फ्लश की ॲल्युमिनियम, बाथरूम किती, वायरिंग कन्सील्ड आहे का.

कौलारू घरवाल्यांनी इथे जास्त वेळ द्या. छताचा एरिया जमिनीच्या एरियापेक्षा बराच मोठा असतो आणि ठेकेदाराच्या स्लॅबच्या दरात तो बसत नाही. ३० फूट बाय ४० फूट घर घ्या, जमिनीवर १२०० चौरस फूट. चारी बाजूंनी अडीच फूट पागोळी बाहेर काढली तर ३५ बाय ४५, म्हणजे १५७५, आणि उतार ३० अंशांचा धरला तर प्रत्यक्ष छप्पर सुमारे १८०० चौरस फूट होतं. एवढ्याला वासे, रीपा, आढं, कौलं, आणि ते चढवायची मजुरी. छपराचं एस्टिमेट वेगळंच घ्या, सुताराकडून घेतलंत तर उत्तम.

जुना वाडा किंवा सागवानी घर असेल तर आधी ठरवा की पडलं तर तसंच बांधणार की साधं आरसीसी. रक्कम आरसीसीच्या दराने काढली आणि नंतर सागवानी चौकटी, कोरीव खांब तसेच हवेत असं म्हटलं तर पैसे पुरणार नाहीत. आणि भिंती किंवा छप्पर कुडाचं, गवताचं, बांबूचं, ताडपत्रीचं असेल तर ते कंपनीला आधीच लेखी सांगा, पक्क्या बांधकामाच्या अटी त्याला लागू होतीलच असं नाही.

टप्पा ४: दर मिळवा, पण प्रश्न बरोबर विचारा

तुमच्याच तालुक्यातले दोन-तीन ठेकेदार किंवा एक सिव्हिल इंजिनिअर गाठा. पुण्यातला दर देवरुखला चालत नाही, खडीची खाण किती लांब आहे, ट्रक दारापर्यंत येतो की माल डोक्यावरून न्यायला लागतो यावर खूप फरक पडतो.

‘बांधकामाचा रेट काय चाललाय?’ असं विचारलंत तर तो नवीन गिऱ्हाईक पकडायचा रेट सांगेल, सगळ्यात कमी आणि सगळ्यात कमी गोष्टी धरलेला. त्याऐवजी टप्पा ३ चा कागद त्याच्या हातात द्या आणि म्हणा, हेच घर, मोकळ्या प्लॉटवर, पायापासून रंगापर्यंत, मी चावी घेऊन राहायला जाईन असं, आज किती? आणि मग एकेक विचारा:

- एरिया कोणता धरलाय, बांधीव ना? स्लॅबवर भाव लावलाय का?
- पाया, जोत्याची भर, सेप्टिक टँक यात आहे का?
- ग्रिल, बाहेरचा रंग, किचन ओटा, सॅनिटरी, इलेक्ट्रिक फिटिंग?
- पाणी आणि वीज जोडणी?
- जीएसटी धरलाय का? मटेरियलसकट काम घेणारा रजिस्टर्ड कॉन्ट्रॅक्टर १८ टक्के लावतो, तोंडी भावात तो जवळजवळ कधीच नसतो.
- नुसता लेबर रेट तर नाही ना सांगत?

हा शेवटचा प्रश्न फालतू वाटेल पण गावाकडे ‘रेट’ म्हणजे पुष्कळदा लेबर रेटच असतो, माल मालकाचा.

रेडी रेकनरबद्दल, म्हणजे सरकारच्या मालमत्ता दरांच्या तक्त्यांबद्दल, खूप लोक विचारतात. रेडी रेकनरमधला फ्लॅटचा दर जमिनीसकट असतो, तो इथे कामाचा नाही. त्याच तक्त्यांमध्ये बांधकामाचे वेगळे दर दिलेले असतात, पण ते स्टॅम्प ड्युटीसाठी, ठेकेदार त्या भावात काम करेलच असं नाही. पीडब्ल्यूडीच्या (सार्वजनिक बांधकाम खात्याच्या) दरसूचीचंही तसंच. दोन्ही आकडे पडताळणीपुरते बघा, तुमचा आकडा त्यांच्यापेक्षाही खूप खाली आला असेल तर कुठेतरी काहीतरी सुटलंय.

बँकेच्या व्हॅल्युअरचा रिपोर्ट वापरताय? मग त्यात घसारा वजा केलाय का बघा. घर ३० वर्षं जुनं म्हणून त्याची किंमत कमी, हा हिशोब विक्रीचा. जुनं घर पडल्यावर नवीन बांधायला नवीनच सिमेंट, नवीनच सळई लागते, जुनेपणाची सूट कुणी देत नाही.

टप्पा ५: दर आणि एरिया जुळवा

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात आणि कोणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहितोय. ठेकेदार भाव सांगतो बांधीव एरियावर. पॉलिसी गुणाकार करते कार्पेट एरियावर. लोक ठेकेदाराचा दर उचलतात आणि कार्पेटला लावतात, आणि रक्कम आपोआप कमी होते.

वरच्याच मापाचं पण स्लॅबचं घर घेऊ, ३० बाय ४०, एक मजली, त्यातच पुढे ६ फुटांची पडवी. आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमचे दर वेगळे असतील.

बांधीव एरिया १२०० चौरस फूट. पडवी सोडून घर ३० बाय ३४, बाहेरच्या भिंती ९ इंची, म्हणून आत २८.५ बाय ३२.५ म्हणजे ९२६ चौरस फूट. पडवीची वापरायची जागा १७० धरली तर तिचे २५ टक्के म्हणजे ४२.५. एकूण कार्पेट साधारण ९६९ चौरस फूट, म्हणजे ९० चौरस मीटर.

ठेकेदार म्हणाला २००० रुपये चौरस फूट. चुकीचा हिशोब: ९६९ × २००० = १९ लाख ३८ हजार.

बरोबर हिशोब असा: आधी पूर्ण घराचा खर्च काढा. १२०० × २००० = २४ लाख. त्यावर १८ टक्के जीएसटी ४ लाख ३२ हजार, झाले २८ लाख ३२ हजार. ठेकेदाराने न धरलेली ग्रिल, सेप्टिक टँक, जोडण्या वगैरे १ लाख ६८ हजार. एकूण ३० लाख. आता याला कार्पेटने भागा, ३० लाख ÷ ९० = ३३,३३३ रुपये प्रति चौरस मीटर. फॉर्ममध्ये कार्पेट ९० आणि दर हा टाकायचा.

१९ लाख ३८ हजार आणि ३० लाख. घर तेच, ठेकेदार तोच.

भिंती जेवढ्या जाड तेवढा हा फरक वाढतो. दोन फुटी दगडी भिंतींच्या जुन्या घरात कार्पेट आणखी कमी भरतं पण दगड, चुना, मजुरी सगळं त्या भिंतींमध्येच गेलेलं असतं.

*फ्लॅटवाल्यांसाठी.* तुमच्या कार्पेटच्या बाहेर पाया, जिना, लिफ्ट, पार्किंग, लॉबी आहे, ते बांधल्याशिवाय तुमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट उभा राहत नाही. सोसायटीच्या आर्किटेक्टकडून इमारतीचा एकूण बांधकाम एरिया आणि दर घ्या. समजा २० सारखे फ्लॅट, प्रत्येकी कार्पेट ६५०, इमारतीचं एकूण बांधकाम २०,००० चौरस फूट, दर ३०००. सगळी इमारत ६ कोटी, तुमचा वाटा ३० लाख. नुसतं ६५० × ३००० केलं असतं तर साडेएकोणीस लाख. आणि फ्लॅटचा बाजारभाव एक कोटी असला तरी विमा एक कोटीचा काढायचा नाही, त्यातली जमिनीची किंमत आगीत जळत नाही, पुरात वाहून जात नाही, आणि पॉलिसी ती देतही नाही.

सोसायटीने संपूर्ण इमारतीचा विमा काढलाय का हे सेक्रेटरींना विचारा, पॉलिसीची कॉपी मागा. असेल तर तुमच्या पॉलिसीत इमारतीचा वाटा किती धरायचा हे दोन्ही कंपन्यांना विचारून ठरवा.

टप्पा ६: आवारातली बांधकामं वेगळी लिहा

कंपाउंड वॉल, गेट, संरक्षक भिंत, गॅरेज, बाहेरचं संडास-बाथरूम, पाण्याची टाकी, सोलर पॅनल, जनरेटर. हे कार्पेटमध्ये येत नाही, ‘जादा बांधकामं’ म्हणून वेगळं लिहायचं. डोंगरउतारावरच्या घरांना संरक्षक भिंतीचा खर्च कधीकधी घराच्या चौथ्या हिश्शाएवढा होतो आणि दरड आली की पहिली तीच जाते, तरी ती फॉर्ममध्ये सहसा नसते.

आपल्या उदाहरणात: कंपाउंड आणि गेट १ लाख ६० हजार, टाकी-पंप ८० हजार, सोलर १ लाख ६० हजार, मिळून ४ लाख. म्हणजे विमा रक्कम ३४ लाख.

विहीर, बोअरवेल, मॉड्युलर किचन, भिंतीत बसवलेली कपाटं यांचं काय, हे कंपनीला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरचं ‘हो हो, आहे कव्हर’ क्लेमच्या वेळी उपयोगाचं नाही.

टप्पा ७: रकमेत काय धरायचं नाही

काही गोष्टी पॉलिसी आपणहून देते, त्या रकमेत परत धरल्या तर उगाच प्रीमियम वाढतो.

आर्किटेक्ट, सर्व्हेअर, इंजिनिअरची फी क्लेमच्या ५ टक्क्यांपर्यंत मिळते आणि राडारोडा हटवायचा खर्च क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत. ३४ लाखांच्या क्लेमला म्हणजे १ लाख ७० हजार आणि ६८ हजार. आरसीसी घराला ठीक आहे, पण अवजड दगडी घर गल्लीत असेल, जेसीबी आत येत नसेल तर ६८ हजारांत राडारोडा निघणार नाही, मग याबद्दल जादा कव्हर मिळतं का ते विचारा.

घरातलं सामान: इमारतीचा विमा काढला की तिच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, सामानाचं कव्हर आपोआप येतं. इथे ६ लाख ८० हजार. सामान त्याहून जास्त असेल तर यादी देऊन वाढवा. दागिने यात नाहीत, त्यांचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं.

भाववाढ: मुदतीत विमा रक्कम वर्षाला १० टक्क्यांच्या हिशोबाने आपोआप वाढते. म्हणून पुढच्या भाववाढीसाठी आणखी २० टक्के वर टाकायची गरज नाही. पण मोठ्या आपत्तीनंतर भाव एकदम चढतात हेही लक्षात ठेवा, २०२० च्या निसर्ग वादळानंतर कोकणात पत्रे आणि कौलं मिळायची मारामार होती, गवंडी-सुतार मिळत नव्हते. त्यामुळे तीन कोटेशनमधलं सगळ्यात स्वस्त धरू नका, मधलं किंवा वरचं धरा.

टप्पा ८: ‘कमी टाकलं तर काय होतं’ हे समजून सही करा

भारत गृह रक्षामध्ये एक चांगली गोष्ट आहे, विमा कमी रकमेचा होता म्हणून छोटा क्लेम त्या प्रमाणात कापत नाहीत. त्यामुळे काही एजंट सांगतात की मग कमीच टाका. पण घर पूर्ण गेलं तर बांधकामाचे पैसे विमा रकमेपुरतेच, आणि विमा तर त्या दिवसासाठीच काढायचा असतो. शिवाय ही सवलत मिळते ती एरिया आणि बांधकामाची माहिती खरी दिलीय हे धरून.

दुसऱ्या प्रकारच्या पॉलिसीत, उदाहरणार्थ खाली दुकान वर घर असलेल्या इमारतीच्या, ॲव्हरेज क्लॉज असू शकतो, म्हणजे विमा जेवढा कमी तेवढ्या प्रमाणात क्लेम कापायची अट. तिथे ५० लाखांच्या इमारतीचा विमा ३० लाखांचा असेल आणि नुकसान १० लाखांचं झालं तर मिळतात ६ लाख. पॉलिसीत हा शब्द शोधा.

⚠ पूररेषेच्या किंवा सीआरझेडच्या (समुद्र-खाडीकाठी बांधकामावर बंधनं असलेल्या पट्ट्याच्या) आत घर असेल तर पैसे मिळाले तरी त्याच जागी तसंच बांधायची परवानगी मिळेल का, हे नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत आत्ताच विचारा. विमा कंपनी खर्च देते, परवानगी नाही.

टप्पा ९: पॉलिसी आली की त्याच दिवशी वाचा

शेड्यूलमध्ये, म्हणजे पॉलिसीतल्या तुमच्या घराच्या तपशिलाच्या पानावर, बघा: पत्ता आणि घर नंबर बरोबर, कार्पेट एरिया चौरस मीटरमध्ये तुम्ही दिला तोच, दर तोच, जादा बांधकामं आली आहेत, मालकांची सगळी नावं आहेत (वडिलोपार्जित घरात हे फार महत्त्वाचं, सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डवर चार भावांची नावं आणि पॉलिसी एकाच्याच नावावर असं असेल तर कंपनीला आधीच सांगा). चूक दिसली तर लगेच लेखी दुरुस्ती मागा.

मोजमापाचा कागद, तीन कोटेशन, खोलीगणिक फोटो आणि बाहेरून चारी बाजूंचे फोटो हे सगळं फोनमध्ये किंवा कपाटात नाही, ईमेलवर किंवा ड्राइव्हवर टाका आणि परगावी असलेल्या मुलाला किंवा बहिणीला पाठवून ठेवा. घरात पाणी शिरलं की फायलीही भिजतात.

रिन्यूअलच्या वेळी जुनाच आकडा पुढे ढकलू देऊ नका. एका ठेकेदाराला फोन करून आजचा दर विचारा, वर्षभरात काय वाढवलंय, सोलर बसवलं, वरची खोली काढली, तेवढं मिळवा, आणि नवीन आकडा ईमेलने कळवून मगच पैसे भरा. ऑटो-डेबिट लावलं असेल तर कंपनीकडून रिन्यूअलची नोटीस आली की त्याच आठवड्यात हे करा, पैसे कापले गेल्यावर बदल करायला पुन्हा फॉर्म आणि पुन्हा फेऱ्या.